तेल शनिदेवाला, लॉकला नको

शनिशिंगणापुरात घराला कुलूप लावायची रीत नाही. युको बँकेनं २०११ साली तिथं बिनकुलपाची शाखा काढली, तेव्हा देशभर बातमी झाली. पण मंदिराबाहेरच्या पार्किंगमध्ये नजर टाका. मोटारसायकली हँडल डावीकडं वळवून लॉक केलेल्या. देवावर भरवसा आहेच, पण गाडीचे हप्तेही चालू आहेत!

याच गाड्यांचं उन्हाळ्यातलं दुखणं म्हणजे चावी आत जाते, पण फिरत नाही. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, त्यामुळं वर्षातला बराच काळ रस्त्यावर फुफाटा. ती बारीक माती उघड्या भोकातून आत उतरते. इग्निशन लॉकमध्ये पितळेच्या पातळ पट्ट्या आणि इवल्याशा स्प्रिंगा असतात. चावीच्या खाचांनी सगळ्या पट्ट्या नेमक्या जागी आल्या तरच लॉक फिरतं. एक पट्टी मातीत रुतली की संपलं.

मग आपण त्यात खोबरेल सोडतो, नाहीतर गॅरेजमधलं जळकं ऑइल. चार दिवस चावी लोण्यात सुरी फिरावी तशी फिरते. पुढं त्याच तेलात धूळ कालवली जाऊन आत राडा होतो. माझ्या मते लॉक धुळीपेक्षा या औषधानंच जास्त मरतात.

खरं औषध कोरडं. चावीवाल्याकडं ग्रॅफाइटची पूड मिळते. ती चावीला किंचित लावून चावी चार-पाचदा आत-बाहेर करायची. किंचितच, कारण ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि स्विचचे कॉन्टॅक्ट खालीच असतात. आधी तेल गेलं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुऊन, पूर्ण वाळवून मगच पूड. वॉशिंग सेंटरवाल्याला पाण्याचा फवारा चावीच्या भोकावर मारू देऊ नका. चुंबकी शटर असेल तर ते बंद करायचा कंटाळा कशाला?

घर, दुकान, विहिरीवरच्या मोटारीची पेटी अशा सगळ्या चाव्यांचा जुडगा गाडीच्या चावीला लटकवायची आपल्याकडं हौस फार. खड्ड्याखड्ड्याला तो हिसके देतो आणि आतल्या पट्ट्या झिजवतो. डुप्लिकेट करायची तर गाडीबरोबर आलेल्या, न वापरलेल्या दुसऱ्या चावीवरून करा. झिजलेल्या चावीची नक्कलही झिजलेलीच निघते.

हँडल लॉक अडकलं तर पकड लावू नका. एका हातानं हँडल जरा इकडं-तिकडं हलवा, खुंटीवरचा ताण सुटतो, मग चावी फिरवा. पकडीनं चावी आत तुटली तर लॉकसेट बदलायची पाळी येऊ शकते, म्हणजे टाकीचं झाकण आणि सीटचं लॉकही नवं. नुसता स्विच बदललात तर खिशात दोन चाव्या.