करवतीखालची रायफल
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या बाजारात जुन्या लष्करी रायफलींचा पूर आला: जर्मन माउझर, ब्रिटिश ली-एनफिल्ड, अमेरिकेची स्वतःची १९०३ची स्प्रिंगफील्ड. किंमत थोडी, आणि पुष्कळशा टपालाने घरपोच! मग घरोघरच्या गॅरेजमध्ये हौशी कारागिरांची करवत चालू लागली. पुढचं लाकूड छाटायचं, नळी आखूड करायची, वर बसवलेल्या दुर्बिणीला अडू नये म्हणून माउझरच्या बोल्टची सरळ दांडी वाकवायची, अक्रोडाचा नवा दस्ता तासून, घासून त्याला तेल पाजायचं. झाली हरणाच्या शिकारीला हलकी, देखणी बंदूक तयार. त्या हातांतलं कसब अस्सल होतं, यात वादच नाही. पुढे १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींचा खून टपालाने मागवलेल्या इटालियन कारकानो रायफलीने झाला आणि १९६८च्या कायद्याने ही टपालविक्री बंद पाडली. आज पारडं फिरलंय: संग्राहक अखंड रायफलीला छाटलेलीपेक्षा कितीतरी जास्त दाम मोजतात, काहीजण तर मूळ लाकूड शोधून ते पुन्हा जोडतात. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात साठच्या दशकात घडलेल्या आपल्या २ए१ रायफलीही तिकडे पोहोचल्या, आणि त्यांच्याही नळ्या कापल्या गेल्या. त्यांच्यावरचे कारखान्याचे शिक्के आणि वर्षं म्हणजे इतिहासाचा दस्तऐवजच. तेव्हा आधीच छाटलेल्या रायफलीवर हौस खुशाल भागवावी; अखंड उरलेलीला कानससुद्धा लावू नये.