किरकोळ खर्चातले नाव

इचलकरंजीतील एका सूत व्यापाऱ्याच्या घरी रात्रिभोजनत्याग तीन पिढ्यांपासून पाळला जातो. या घरातल्या पाच वर्षांच्या नातवाला ठरलेल्या वेळा फार प्रिय. साडेसहाला ताट म्हणजे साडेसहालाच. परंतु सूर्य घड्याळाप्रमाणे चालत नाही. जून महिन्यात तो सातनंतर मावळतो, मार्गशीर्षात सहाच्याच सुमारास दिसेनासा होतो आणि मग ताट तासभर अलीकडे येते. त्या दिवसांत हा मुलगा ताट पाहताच कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून बसतो. साडेसहा वाजल्यावर उठतो, तेव्हा स्वयंपाकघर आवरलेले असते. घरातील व्रत आणि मुलाची भूक यांची गाठ रोज आईलाच सोडवावी लागे. तिने अखेर वर्षभरासाठी साडेपाच ही एकच वेळ ठरवली. सगळ्या घराने ती मान्य केली. आप्पांनी, म्हणजे मुलाच्या आजोबांनीही, कुरकुर न करता.

मागच्या सोप्यात चालणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट या मुलाला त्रास देत नाही. उलट त्या ठेक्यात तो झोपी जातो. बस्तीत अभिषेकाच्या वेळी अचानक वाजणारी घंटा मात्र त्याला सहन होत नाही. तीन वर्षांचा होईपर्यंत बोललेले चार-दोन शब्दही त्याने पुढे सोडून दिले. हाक मारली तरी वळून पाहीना, तेव्हा कोल्हापूरला दाखवले. निदान झाले स्वमग्नता. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस आई त्याला घेऊन कोल्हापूरला जाते. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी. पेढीवर कोणी विचारले तर ‘दातांच्या डॉक्टरकडे’ असे सांगायचे ठरलेले. मुलाची आत्या लग्नाची आहे, हे त्यामागचे कारण. पेढीच्या वहीत या उपचारांचा खर्च दर महिन्याला लिहिला जाई, पण मुलाच्या नावाने नव्हे. त्यापुढे ‘किरकोळ’ असे लिहिलेले असे. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या घरात दोन वर्षे सर्वांत मोठा घरखर्च किरकोळ म्हणून नोंदला गेला.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढावे, असे थेरपिस्टने सुचवले. आप्पांना ते रुचले नाही. ‘आपण देणारी माणसं. औषधदान करणाऱ्या घरानं सरकारच्या दारात हात पसरायचा?’ सून एरवी त्यांच्यापुढे फारसे बोलत नसे. त्या दिवशी ती इतकेच म्हणाली, ‘आप्पा, वहीत नाव नाही त्याचं देणं आपण लागत नाही, असं तुम्हीच म्हणता. मग याचं नाव कुठल्या वहीत आहे?’

आप्पांची अडचण पुष्कळ घरांची अडचण आहे. आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान या चारही दानांत आपण दात्याच्या बाजूला उभे असतो. घेणाऱ्याच्या बाजूला उभे राहण्याची सवय नाही. पण येथे दानाचा प्रश्नच नाही. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तेव्हा शिष्यवृत्तीसाठी लागणारे दाखले काढायला सुखवस्तू घरेही गेली. त्या वेळी कोणाला कमीपणा वाटला नाही. मग दिव्यांग मुलाच्या दाखल्यालाच लाज का चिकटावी? पूर्वकर्माचा हवाला देऊन स्वस्थ बसणारेही भेटतात. तेच लोक स्वतःच्या मधुमेहाची गोळी मात्र वेळेवर घेतात.

१९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नतेचे नाव नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये प्रकार २१ झाले आणि स्वमग्नतेला तेथे स्वतंत्र स्थान मिळाले. प्रमाणपत्राचा अर्ज युडीआयडीच्या संकेतस्थळावर करायचा, नंतर शासकीय रुग्णालयात तपासणी होते. स्वमग्नता मोजण्यासाठी भारतात तयार झालेली चाळीस प्रश्नांची मापनश्रेणी वापरतात. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली राहिली तर स्वमग्नता धरत नाहीत. टक्केवारी ४० किंवा अधिक असेल तर बहुतेक सवलतींची दारे उघडतात. लहान वयातले प्रमाणपत्र मुदतीचे असू शकते, म्हणून त्यावरची तारीख आधी वाचावी.

पहिल्या खेपेला हे कुटुंब रिकाम्या हाताने परतले. रांग, उकाडा, भिंतीवरचा गरगरता पंखा. मूल पंख्याखालून हलेना, आणि नाव पुकारले तेव्हा ओरडू लागले. दुसऱ्या खेपेला आईने शहाणपणा केला. आदल्या दिवशी एकटी जाऊन तिने खोली पाहिली, दाराचा फोटो काढून मुलाला दाखवला, डब्यात त्याचा नेहमीचा दहीभात घेतला आणि सकाळी सर्वांत आधी पोहोचली. बरोबर मुलाच्या अडचणींची दोन पानी यादीही नेली. मूल घरी काय करते हे तपासणाऱ्याला त्या अर्ध्या तासात दिसतेच असे नाही. पुष्कळ पालक तेथे मुलाचे कौतुक सांगत बसतात आणि नंतर टक्केवारी कमी लागली म्हणून हळहळतात.

प्रमाणपत्र हाती आल्यावर काय मिळाले आणि काय नाही, हे व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहणेच बरे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे. ती या घरासाठी नव्हे आणि असूही नये. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील ‘निरामय’ आरोग्य विमा मात्र स्वमग्न मुलांसाठीही आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, आधीपासूनचे दुखणे म्हणून नकार नाही आणि विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणीही नाही. सर्वसाधारण मेडिक्लेम रुग्णालयात दाखल झाल्यावर खर्च देतो. आठवड्यातून तीनदा होणाऱ्या थेरपीचे बिल तो बहुधा परत करतो. ‘निरामय’मध्ये नियमित थेरपीसाठी रक्कम राखलेली आहे. तिची मर्यादा लहान आहे, सारा खर्च त्यातून निघत नाही. पण तेवढ्यासाठीही पावती लागते आणि येथेच या घराची चूक उघडी पडली. दोन वर्षांचे पैसे रोखीने दिलेले आणि कागद एकही नाही. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी महाराष्ट्रात राज्याची वेगळी परिषद आहे. पावतीवर तो नोंदणी क्रमांक मागून घेणे यात संकोच कसला? जीएसटी क्रमांक नसलेले बिल आपण पेढीवर घेतो का?

दुसरी नोंद आयकराची. अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ८०डीडी या नावाने ओळखली जाणारी वजावट ७५ हजार रुपयांची आहे. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर सव्वा लाखाची. प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर तिची रक्कम ठरत नाही आणि अविभक्त कुटुंबाच्या विवरणपत्रातही ती घेता येते. मात्र जुनी करप्रणाली निवडलेली असेल तरच. स्वमग्नतेसाठी विहित नमुन्यातला वेगळा वैद्यकीय दाखला लागतो. दोन्ही प्रणालींत आकडे मांडून पाहणे हे सीएचे काम, पण घरात असे मूल आहे हे त्याला आधी सांगायला हवे. या घराने दोन वर्षे आपल्या सीएलाही सांगितले नव्हते.

सर्वांत दुर्लक्षित भाग स्थानिक स्वराज्य संस्थांचा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेने आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखायचा असतो. तो व्यक्तीला थेट साहाय्य म्हणून देता येतो, तसा सामूहिक सोयीवरही खर्च करता येतो. काही महापालिका दिव्यांगांना ठरावीक अर्थसाहाय्य देतात. कोठे उत्पन्नाची अट असते, कोठे नसते. पण सुखवस्तू घराने तेथे मागण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. गावातच थेरपी केंद्र निघाले तर कोल्हापूरच्या खेपा वाचतील, आणि मजुरी बुडवून ज्यांना खेप करणेच शक्य नाही अशा माग कामगारांच्या मुलांनाही उपचार मिळतील. ज्या गावात स्वमग्न मुलांची नोंदच नाही, तेथे अशा केंद्राची गरज पालिकेला दिसणार कशी? अंगणवाडीतली मुले राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वर्षातून दोनदा तपासली जातात. आपली मुले खासगी नर्सरीत जातात, म्हणून त्या यादीतूनही गळतात.

आप्पांचे मन वळले ते या निधीमुळे नव्हे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याच्या दृष्टीने सज्ञान होतो; स्वतःचा व्यवहार पाहू शकत नसला तरी आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांसह असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. आप्पांनी भावांमधल्या वाटण्या पाहिल्या होत्या. सज्ञान, पण सही न करणारा वारस घरात असला म्हणजे काय होते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या रात्री त्यांनी मृत्युपत्राचा जुना मसुदा पुन्हा काढला.

आत्याच्या बाबतीत भीती अगदी खोटी ठरली नाही. सगळे स्पष्ट सांगितल्यावर एका स्थळाकडून पुढे निरोपच आला नाही. ती स्वतः म्हणाली, ‘लग्नानंतर कळून तोंड फिरवणाऱ्यांपेक्षा आत्ताच गप्प बसलेले बरे.’ आईला मात्र त्या आठवड्यात जेवण गेले नाही.

पुढे महापालिकेकडे थेरपी केंद्रासाठी अर्ज द्यायचा ठरला. एका घराचा अर्ज फाइलीत पडून राहतो, म्हणून आईने कोल्हापूरच्या केंद्राबाहेर बाकावर भेटणाऱ्या गावातल्या बायकांना विचारले. पाच सह्या झाल्या. त्यांपैकी दोन घरे याच पेठेतली, बस्तीत रोज भेटणारी, एकाच पंगतीला बसणारी निघाली. एक मुलगी नऊ वर्षांची होती. ती ‘मामाकडे शिकायला’ असल्याचे सगळ्यांना ठाऊक होते.

अर्ज आवक विभागात देण्यासाठी आप्पा स्वतः गेले. पोचप्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक नीट उमटला आहे ना, हे त्यांनी चष्मा काढून पाहिले. उत्तर अजून आलेले नाही. येत्या पाडव्याला पेढीच्या नव्या वहीत एक स्वतंत्र खाते निघणार आहे, नातवाच्या नावाने.