कढीपत्त्यावरचे पाहुणे

पावसाने जरा उघडीप दिली की सोसायटीत भेटेल तो विचारतो, ‘कढीपत्त्यावर अळ्या आल्यात, कोणतं औषध मारू?’ माझं उत्तर ठरलेलं आहे: कोणतंही नाही. कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या पानांवरची ही अळी बहुधा कॉमन मॉरमॉन फुलपाखराची असते. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी सहसा तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते आणि डिवचलंत तर डोक्यामागून लालभडक दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. (मुलांना हे जरूर दाखवा, टीव्ही आपोआप बंद होतो.) ब्लू मॉरमॉन, आपली राणी पाकोळी, हीसुद्धा लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालते. २०१५ साली तिला महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराचा मान मिळाला. असा मान देणाऱ्या राज्यात तिच्या अळ्यांवर फवारा मारणं मला अजिबात मान्य नाही. फुलपाखरं हवीत म्हणून लोक नर्सरीतून रंगीत फुलांच्या कुंड्या आणतात. पण फुलातला मध हे झालं मोठ्यांचं जेवण, पिल्लांना पानंच लागतात. शिवाय शिंपी पक्षी आपल्या पिलांना अळ्याही भरवतो, म्हणजे फवाऱ्याने त्याचंही ताट रिकामं होतं. रोप अगदीच लहान असेल तर अळी पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवा. कढीपत्ता पुन्हा फुटतो. फोडणीला पानं कमी पडत असतील, तर आणखी एक कुंडी लावा.