भरलेली पाटी आणि वाचणारे मूल

प्रवेशाच्या दिवसांत येणारे पालक बहुधा एकच प्रश्न विचारतात, ‘गुरुजी, लेकरू लिहायला कधी लागेल?’ लेकराचे वय असते साडेतीन-चार वर्षे. या प्रश्नाला हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. ज्या समाजाची अक्षरांशी गाठ अशी पडली, त्याला पाटी भरलेली पाहण्याची घाई असणारच. आमचे म्हणणे एवढेच, की भरलेली पाटी म्हणजे वाचन नव्हे.

पहिलीत आलेली कित्येक मुले ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत खडाखड म्हणतात, फळ्यावरचे सुबक उतरवतात, पण मधल्याच ‘म’वर बोट ठेवले, की पुन्हा ‘क’पासून म्हणत तिथवर यावे लागते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गल्लत होते ती निराळीच. या मुलांनी आकार गिरवला, त्यातला ध्वनी ऐकला नाही. शिवाय आपल्या लिपीत ‘कि’ची वेलांटी दिसते आधी आणि उच्चारली जाते नंतर. डोळा आणि कान यांचा हा मेळ बसण्यापूर्वी भरपूर गाणी, गोष्टी, टाळ्या वाजवत शब्द फोडण्याचे खेळ व्हावे लागतात. बोटांनाही आधी माती, मणी, खडूच्या रेघोट्या हव्यात, पेन्सिल मागाहून.

फलटणला १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवला. मोजकी अक्षरे, त्यांच्याबरोबरच काना-मात्रा, आणि लगेच त्यांतून मुलांच्या ओळखीचे शब्द. बाराखडी पाठ होईपर्यंत अर्थ थांबवून ठेवण्याचे कारणच उरत नाही. ही पद्धत आमच्या वर्गांना मानवेल, असे आमचे मत आहे.

आमच्या भागापुरती एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. झाडीबोली बोलणारे मूल ‘पानी’ म्हणते. बाईंनी तिथेच अडवून ‘पाणी म्हण’ असे दटावले, तर ते पुढे बोलायचेच थांबते. फळ्यावर ‘पाणी’ लिहावे, मुलाला त्याच्या जिभेने वाचू द्यावे. ‘ण’ यथावकाश येतो. घरच्या बोलीची लाज मात्र एकदा बसली, की निघत नाही.

याउलट ‘मूल वेळ आली की आपोआप शिकेल’ हेही आम्हांला मान्य नाही. ज्या घरी कपाटभर पुस्तके आहेत, तिथे ते खपून जाईल. आमच्या मुलांचे आईवडील रोवणीच्या दिवसांत पहाटेच बांधीत उतरतात. घरात छापील मजकूर म्हणजे विजेचे बिल, बियाण्याची पिशवी आणि भिंतीवरचे बुद्ध-भीमाचे कॅलेंडर. म्हणून शाळेनेच रोज, न चुकता, एक पुस्तक मुलांना मोठ्याने वाचून दाखवले पाहिजे. आणि पालकांनी ते कॅलेंडरही दाखवावे; बोट ठेवून ‘भीम’ हा शब्द कुठे आहे ते विचारावे. ‘आज किती पाने लिहिलीस?’ याऐवजी ‘आज कोणती गोष्ट ऐकलीस?’ असे विचारले, तर शिक्षकांचाही भार हलका होईल.

आरंभ कोणत्या शब्दाने करावा? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला आपल्या तालुक्याचे पवनी आठवते. १९६९-७० च्या उत्खननात तेथील बौद्ध स्तूपाच्या अवशेषांवर ब्राह्मी लिपीतील लेख मिळाले. त्यांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या भूमीतल्या माणसांनी आपले नाव दगडावर कोरवून घेतले. बालवर्गातल्या मुलाचा पहिला शब्दही त्याचे स्वतःचे नावच असावा. ताटावर, पेटीवर, कपड्यांच्या खुंटीवर ते मोठ्या अक्षरांत लिहावे. ‘सुजाता’ला आपला ‘सु’ शेजारच्या ‘सुमेध’च्या खुंटीवर सापडतो आणि ती सर्वांना ओढून तिथे नेते, तेव्हा तिने अजून पाटीवर एकही अक्षर काढलेले नसते.