संगणक मुका कां होतो?

घरांतील संगणक गाणें वाजवितां वाजवितां एकाएकीं मौन धारण करतो, तेव्हां घरांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, ‘यंत्रच बिघडलें, नवें आणा.’ तरुण मंडळी म्हणतात, ‘आंतलें सारें पुसून पुन्हां नव्यानें भरा.’ दोन्ही पक्षांत एक दोष समान आहे. ध्वनि नेमका कोठें अडला, हें पाहण्याचे कष्ट दोघांपैकीं कोणीही घेत नाहीं. आपल्या न्यायशास्त्रांत अशा कामाकरितां अन्वय आणि व्यतिरेक हीं दोन साधनें सांगितलेलीं आहेत. एक असतां दुसरें असतें, हा अन्वय. एक नसतां दुसरें नसतें, हा व्यतिरेक. धूर आणि अग्नि यांचें जुनें उदाहरण सर्वांस ठाऊक आहेच. मुक्या संगणकाची परीक्षा याहून निराळी नाहीं.

हा विषय आतांच घेण्यास कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० या प्रणालीस द्यावयाचा सर्वसाधारण आधार थांबविला. ज्या जुन्या संगणकांस विंडोज ११ पेलवत नाहीं, ते टाकून देणें काटकसरी घरास रुचत नाहीं. मग कोणी तरी त्यांवर लिनक्स घालतो. हेलसिंकी येथें शिकत असतां लिनस टॉरवाल्ड्स या तरुणानें १९९१ सालीं आरंभिलेली ही प्रणाली आज उबुंटू, मिंट, फेडोरा अशा अनेक रूपांनीं विनामूल्य मिळते. ती उत्तम चालते. परंतु ध्वनीच्या बाबतींत मधून मधून रुसते, हें खरें.

सातारा जिल्ह्यांतील एका वाचक भगिनींचें पत्र माझ्यापुढें आहे. त्यांच्या कैलासवासी सासूबाई जात्यावरच्या ओव्या फार सुरेख म्हणत. पूर्वीं त्या ध्वनिफितीवर घेतल्या होत्या. पुढें पुतण्यानें त्या संगणकांत उतरविल्या. आणि मूळ फीत एका पावसाळ्यांत बुरशीनें गेली. आतां वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलें आहे, घरचीं चाळीस माणसें जमावयाचीं आहेत, त्यांस त्या ओव्या ऐकवाव्या अशी वडीलजाऊबाईंची इच्छा आहे. आणि लिनक्स घातलेला संगणक मुका होऊन बसला आहे. पुतण्या म्हणतो, ‘काकू, सर्व पुसून पुन्हां बसवितों, दोन तासांचें काम.’ भगिनी विचारतात, ‘बसवूं द्यावें काय?’

बसवूं देऊं नये. निदान आज तरी नाहीं. संगणक मुका झाला याचा अर्थ ओव्या गेल्या असा नव्हे. फाइल जेथें होती तेथेंच आहे; ती कानापर्यंत पोंचत नाहीं, इतकेंच. परंतु नव्यानें प्रणाली बसवितांना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला गेला, तर त्या खरोखरच जातील, आणि फीत तर उरलेली नाहीं. म्हणून पहिलें काम ध्वनीचें नव्हे, प्रतीचें. मुका संगणकही प्रती उत्तम काढतो. ओव्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, दुसरी एखाद्या नातलगाच्या संगणकावर ठेवावी, आणि तेथें ती वाजते कीं नाहीं हेंही पाहावें. या पाहण्यांतच अर्धी परीक्षा होऊन जाते. दुसरीकडे ओवी वाजली, तर फाइल निर्दोष ठरली.

आतां ध्वनीचा प्रवास पाहूं. परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशा चार पायऱ्यांनीं वाणी बाहेर येते, असें आपले शास्त्रकार सांगतात. लिनक्समधील गाण्यासही अशाच पायऱ्या आहेत. (उपमा येथेंच सोडतों, ओढली तर तुटेल.) प्रथम फाइल. तींत ध्वनि घडी घालून ठेवलेला असतो. वाजविणारा प्रोग्रॅम ‘कोडेक’ नांवाच्या साह्यानें ती घडी उलगडतो आणि आंकड्यांची रांग तयार करतो; सीडीच्या प्रतीचा ध्वनि असेल तर प्रत्येक कर्ण्यासाठीं सेकंदास ४४,१०० आंकडे. ही रांग जाते ध्वनीच्या कारभाऱ्याकडे. आजच्या बहुतेक लिनक्सांत या कारभाऱ्याचें नांव पाइपवायर आहे. गाणें, घंटी, चित्रपट अशा अनेकांचे आवाज एकत्र करून कोणता आवाज कोणत्या दारानें बाहेर सोडावयाचा, हें तो ठरवितो. त्याच्या खालीं प्रणालीच्या गाभ्यांत ‘अल्सा’ हा विभाग असून तो ध्वनिकार्डाशीं प्रत्यक्ष बोलतो. कार्डापासून पुढें तार आणि स्पीकर.

एवढी लांब वाट एका टोकापासून चांचपीत बसण्यापेक्षां प्रथम दोन्ही टोंकें मोकळीं करावीं आणि मग मध्यावर बोट ठेवावें. स्पीकरची पिन संगणकांतून काढून मोबाइलला किंवा रेडिओला लावावी. वाजला, तर स्पीकर आणि तार निर्दोष. हें सांगावयास नको असें वाटेल. परंतु मागील बाजूस हिरव्या छिद्रांत असावयाची पिन झाडतांना शेजारच्या गुलाबी, म्हणजे मायक्रोफोनच्या, छिद्रांत गेलेली मी दोन घरीं पाहिली आहे, आणि त्यांपैकीं एका घरीं तोंवर प्रणाली दोनदां पुसून झाली होती.

नंतर मध्याची परीक्षा. ‘पल्स-ऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ नांवाचा एक छोटा प्रोग्रॅम मिळतो. तो पाइपवायरबरोबरही चालतो. ओवी लावावी आणि त्याचें ‘प्लेबॅक’ हें पान उघडावें. तेथें वाजणाऱ्या प्रोग्रॅमच्या नांवाखालीं एक पट्टी दिसते. ती ओवीच्या लयींत नाचत असेल, तर ध्वनि कारभाऱ्यापर्यंत सुखरूप आला. दोष त्याच्या खालीं आहे. पट्टी निश्चळ असेल, तर दोष वर, म्हणजे प्रोग्रॅमांत किंवा कोडेकांत आहे. या एका दृष्टिक्षेपांत अर्धें रान सुटतें. गाण्याच्या प्रश्नांत डोळ्यांनीं निकाल द्यावा, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते.

दोष वर असेल तर उपाय सोपा असतो. तीच फाइल व्हीएलसी या प्रोग्रॅममध्यें लावून पाहावी. तो घड्या उलगडण्याचीं बहुतेक साधनें स्वतःबरोबरच बाळगतो. तेथें वाजली आणि इतरत्र नाहीं, तर कोडेक नाहीं हें सिद्ध झालें. मिंटच्या यादींत ‘इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स’ असें कलमच आहे. उबुंटूमध्यें बसवितांना तशी खूण करावी लागते. हीं साधनें आरंभापासूनच कां देत नाहींत, असें पुष्कळ जण रागानें विचारतात. त्याचें कारण तंत्राचें नसून कायद्याचें आहे. एमपी-थ्री या प्रकारावर पेटंटाचे हक्क होते. त्यांचा परवाना देण्याचा व्यवहार २०१७ सालीं संपला, तेव्हां तो प्रकार मोकळा झाला. दुसऱ्या कांहीं प्रकारांची अडचण उरलीच.

दोष खालीं असेल तर प्रथम ‘आउटपुट डिव्हाइसेस’ हें पान पाहावें. कारभारी शहाणा असला तरी कधीं कधीं भलत्याच दारानें आवाज बाहेर सोडतो. एचडीएमआय ही तार चित्र आणि ध्वनि दोन्ही वाहते. म्हणून मॉनिटरला कर्णा नसला तरी तेथें ध्वनि पाठवितां येईल अशी त्याची समजूत होऊं शकते. वरील भगिनींस मी हेंच विचारलें. त्यांचें उलट टपालीं उत्तर आलें कीं, पट्टी छान नाचते, मॉनिटर दिवाळींत नवा घेतला, आणि बाहेर जाण्याचें दार ‘एचडीएमआय’ असेंच दाखवीत आहे. तेथें ‘ॲनलॉग’ किंवा ‘लाइन आउट’ निवडणें, एवढाच उपचार होता. पुतण्यानें तो केला आणि सासूबाईंचा आवाज माजघरांत आला. ‘जाऊबाई पोळ्या लाटावयाच्या थांबल्या,’ असें त्या लिहितात.

दार योग्य असूनही आवाज न आला, तर अल्साकडे वळावें. टर्मिनलच्या खिडकींत ‘अल्सामिक्सर’ हा शब्द रोमन लिपींत, लहान अक्षरांनीं, जोडून लिहावा आणि एफ-सहा ही कळ दाबून खरें कार्ड निवडावें. उभे स्तंभ दिसतात. एखाद्याच्या पायथ्याशीं दोन एम अक्षरें असतील तर तो स्तंभ मुका केलेला आहे. एम ही कळ दाबली कीं त्यास वाचा फुटते. ‘ऑटो-म्यूट’ नांवाचें कलमही पाहावें. हेडफोन लावतांच स्पीकर बंद करणें हें त्याचें काम. छिद्र झिजलें कीं हेडफोन काढल्यावरही तें लावलेलेच आहेत असें संगणक समजतो.

यादींत कार्डाऐवजीं ‘डमी आउटपुट’ असें आलें, तर बहुधा गाभ्यानें कार्डच ओळखलेलें नसतें. येथें व्यतिरेकाचा उत्तम उपयोग होतो. संगणक सुरू होतांना ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्यें जाऊन मागील गाभा निवडावा. जुन्यावर ध्वनि आहे आणि नव्यावर नाहीं, तर दोष नव्या गाभ्याचा. तो दुरुस्त होईतों जुन्यावरच काम चालवावें. पुसण्याची गरज येथेंही नाहीं.

एक इशारा मात्र अवश्य देतों. मित्रांकडून किंवा जुन्या टिपणांतून मिळालेल्या उपायावर साल पाहावें. पल्स-ऑडिओ हा कारभारी लेनार्ट पॉटरिंग यांनीं २००४ सालीं आरंभिला आणि २००८ च्या सुमारास तो सर्वत्र शिरला, तेव्हां त्यानें लोकांस खरोखरच छळलें. ‘तो काढून टाका’ असा उपदेश त्या काळीं सर्रास होत असे. पुढें विम टायमन्स यांनीं रचलेला पाइपवायर आला. फेडोरानें तो एप्रिल २०२१ मध्यें आणि मिंटनें २०२४ मध्यें मुख्य म्हणून घेतला. आज तो जुना उपदेश पाळून काढाकाढी केली, तर चालता कारभारच बंद पडावयाचा. वैद्याची जुनी चिठ्ठी पाहून आपण नव्या रोग्यास मात्रा देत नाहीं. आणि एका वेळीं दोन मात्रा तर नाहींच, कारण गुण आला तरी कोणत्या मात्रेनें आला हें मग कळत नाहीं.

ब्लूटूथ हेडफोनांविषयीं थोडकेंच. संगीत एकाएकीं टेलिफोनसारखें किरटें येऊं लागलें, तर कोणता तरी प्रोग्रॅम मायक्रोफोन धरून बसला आहे असें समजावें. त्या हेडफोनांस दोन रीती असतात, एक संगीताची व एक संभाषणाची. मायक्रोफोन लागला कीं दुसरी सुरू होते. तो प्रोग्रॅम बंद करावा.

त्या भगिनींची एक शंका राहिली. श्राद्धाच्या दिवशीं ब्लूटूथ स्पीकरवर ओव्या लावावयाच्या आहेत, परंतु प्रत्येक ओवीचा पहिला शब्द गिळला जातो. पाइपवायरची योजना अशी कीं पांच सेकंद शांतता असली तर वीज वांचविण्याकरितां तो ध्वनिमार्ग निजवितो; जागें होईतों पहिलें अक्षर निघून जातें. यावर प्रणालींत हात न घालतां करण्याजोगा उपाय असा: ‘ऑडॅसिटी’ या विनामूल्य प्रोग्रॅममध्यें ओवीची प्रत उघडावी, आरंभीं दोन सेकंदांची शांतता घालावी, आणि फ्लॅक या प्रकारांत नव्या नांवानें जतन करावी. फ्लॅकमध्यें घडी घालतांना ध्वनीचा कोणताही अंश गळत नाहीं. मूळ फाइलीस हात लावूं नये. ती पेनड्राइव्हवर घालून, कपाटांत सासूबाईंच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी.