विमानं दुरुस्त करणाऱ्या फौजींचा आजार: दावा कशावर टिकतो?

कुंडल घ्या किंवा सातारा-सांगलीतलं दुसरं कुठलंही गाव, माजी सैनिक भेटतोच. पण सगळे बंदूक घेऊन सीमेवर नव्हते. आमच्या गावातले एक काका वायुदलात तंत्रज्ञ होते. त्यांच्याशी बोलताना मला प्रश्न पडला: वर्षानुवर्षं रसायनांत हात घातलेल्या माणसाला निवृत्तीनंतर आजार झाला, तर सरकार मानतं का?

धोका कशाचा?

नाशिकजवळ ओझरला वायुदलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. तिथे मिग-२९, सुखोई-३० सारखी विमानं उघडून दुरुस्त होतात. जगभर या कामात इंधन, सॉल्व्हंट, रंग उतरवायची रसायनं, गंज रोखणारे क्रोमेट प्रायमर वापरले गेलेत. त्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम आणि इंधनातलं बेंझिन, दोन्हींमुळे कॅन्सर होऊ शकतो, हे सिद्ध झालंय. अर्थात, प्रत्येक आजार त्यामुळेच झाला असं नाही. खरी अडचण इथेच आहे.

ऑस्ट्रेलियात काय झालं?

एफ-१११ विमानांच्या इंधनटाक्यांत शिरून कामगार जुनं सीलंट काढायचे. तक्रारी वाढल्यावर २००० मध्ये काम थांबलं, चौकशी झाली, आरोग्याचा अभ्यास झाला. २००५ मध्ये सरकारने पात्र कामगारांना १० हजार किंवा ४० हजार डॉलर देऊ केले. कोण टाकीत उतरलं होतं, हे ठरवणं तिथे कळीचं होतं.

आणि आपल्याकडे?

धरमवीर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं: भरतीवेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा तंदुरुस्त होता असं धरायचं. आजार नोकरीमुळे झाला नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. पण सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आलेत, म्हणून निवृत्तीची तारीख आधी बघा. आणि आजार निवृत्तीनंतर दिसला, तर त्याचं नोकरीशी नातं दाखवावं लागतं. तिथे कागदच बोलतो.

मोबाइलवर आजच करा

घरात माजी सैनिक असेल तर डिस्चार्ज बुक, शेवटच्या मेडिकल बोर्डाचा कागद, सगळे रिपोर्ट स्कॅन करून ठेवा. कुठल्या युनिटला, कोणत्या साली, कुठलं काम केलं, हे त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. सोबत काम केलेल्यांची नावं लिहून घ्या. स्पर्श पोर्टलचा ओटीपी कुणालाही देऊ नका, हे कागद व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. मदतीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. दावा फेटाळला, तर अपील आणि पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे.

आठवणी पुसट होतात, सोबती जातात. म्हणून आजाराची वाट न बघता हे काम उरकून टाका.