उपेक्षेला सेंद्रिय म्हणू नका

त्रिपुराच्या टेकड्यांवर पिकणाऱ्या ‘क्वीन’ अननसाला २०१५ साली भौगोलिक मानांकन लाभले आणि २०१८ साली ते त्या राज्याचे राज्यफळ ठरले. या सोनेरी, सुगंधी फळाचे गोडवे गाताना एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तेथील शेतकरी रासायनिक खत फारसे वापरतच नाही; त्यामुळे फळ आपोआपच सेंद्रिय!’ वाक्य कौतुकाचे भासते. वस्तुतः ते कर्तव्यातून अंग काढून घेण्याचे आहे.

काहीच न घालणे ही सेंद्रिय शेती नव्हे, ती उपेक्षा होय. लागवडीपासून फळ हाती येण्यास सुमारे दीड वर्ष लागते. अननसाची मुळे उथळ. त्याचे पोषण मातीच्या वरच्या थरातून होते. ईशान्येचा मुसळधार पाऊस नेमका तोच थर धुऊन नेतो आणि प्रत्येक फळासोबत नत्र व पालाश बाजारात जाते. मातीचे हे देणे कोण फेडणार?

येथे जिवाणू खतांचे मोल कळते. फुटव्यांची बुडे लागवडीपूर्वी जिवाणूंच्या द्रावणात बुडवतात. ॲझोस्पिरिलम हवेतील नत्र मुळांशी स्थिर करतो. दुसरे जिवाणू मातीत अडकलेले स्फुरद विरघळवतात. परंतु शेणखत, कंपोस्ट, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि उताराला आडवी लागवड यांवाचून हे जिवाणू म्हणजे उपाशी मजुरांची फौज! नसलेले पालाश तर तेही निर्माण करू शकत नाहीत.

शिवाय हा माल जिवंत आहे. २००६ पासून जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. भुकटीच्या स्वरूपातील खतात ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात, असा दंडक आहे. उन्हात तापलेल्या, मुदत उलटलेल्या पाकिटात मात्र निव्वळ भुकटी उरते. युरियाच्या गोणीसाठी अनुदान आहे, वाहतूक आहे, दुकानांचे जाळे आहे. मग टेकडीवरच्या जनजाती शेतकऱ्यापर्यंत जिवंत संवर्धक सावलीतून, वेळेवर का पोहोचू नये? अनुदानाची घोषणा सोपी असते. शीतगृह आणि तपासणी यांना निष्ठा लागते.

‘सेंद्रिय’ अक्षरे पाहून चार पैसे अधिक मोजणाऱ्या आपणही विचारावे : यात रसायन नाही, हे ठीक, पण त्या मातीला काय मिळाले? आपल्या पूर्वजांनी भूमीला माता म्हटले, ते तिला उपाशी ठेवण्यासाठी खचित नव्हे.